दातेरी चाकाची अदलाबदल

कविता गावित खोका घेऊन आली तेव्हा ममताबाई मौळे शेंगा सोलत होत्या आणि युसुफभाई त्या खात होते. सोलणारीच्या वाट्याला एक दाणा येत नव्हता, पण पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईला फुकट्या प्रवाशांची सवय असते. 

जव्हारच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून ममताबाईंचं टेबल आहे. वर पाटी: ‘चौकशी करून मिळेल’. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून त्यांनी हा उद्योग काढला. हरवलेली गुरं, पळालेले नवरे, लग्नाच्या स्थळांची खरी वयं, सगळं त्या शोधून देतात. युसुफभाई पत्र्याचे कारागीर. स्कूटर त्यांची, म्हणून ते भागीदार. “डोकं बाईंचं, चाकं माझी,” असं ते कौतुकाने सांगत, आणि त्यात पहिल्या अर्ध्याचा त्यांना कधी हेवा वाटला नाही.

“मावशी, चोरी झाली,” कविता म्हणाली. “पण खोका रिकामा नाही.”

कविता म्हणजे तुळशीदास गावितची मुलगी. तुळशीदासची जुनी पेट्रोल जीप जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर चाळीस वर्षं धावली. आजारी माणूस, परीक्षेची पोरं, नवरदेव, सगळे तिच्यातून गेले. आठ माणसांच्या जागेत अठरा बसायची आणि एकोणिसावा टपावरून गाणं म्हणायचा.

“माझ्या बसचे निम्मे प्रवासी तुझा बाप पळवायचा,” ममताबाई म्हणाल्या. “आणि माझी बस घाटात बंद पडली की तोच उरलेले निम्मे घरी पोहोचवायचा. मलासुद्धा. तिकीट काढू का विचारलं तर म्हणायचा, सुट्टे नाहीत.”

त्या हसल्या आणि मग रस्त्याकडे बघू लागल्या. युसुफभाईंनी शेंग खाणं थांबवलं.

तुळशीदास जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून जीप उभीच होती. आता कविताला ती स्वतः चालवायची होती. पण दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जव्हारला आरटीओचं पासिंग होतं. गाडी चालू अवस्थेत साहेबांसमोर उभी राहिली नाही, तर कागद संपणार आणि जीप भंगारात जाणार. कविताचा भाऊ भंगारवाल्याशी बोलूनही बसला होता.

अडचण एका दातेरी चाकाची होती. टायमिंग गियर. इंजिनातल्या दोन दांड्यांना एका ठेक्यात फिरवणारं ते चाक या जुन्या इंजिनात फायबरचं असतं, आणि फायबर झिजतं. दात पार बोथट झाले होते. मेकॅनिक नवेदने सल्ला दिला: आता बाजारात लोखंडी मिळतो, तोच टाकू, पुन्हा बघायला नको. कविताने मुंबईहून तो मागवला. मंगळवारी सकाळी अकराला पार्सल आलं. नवेदने उघडून पाहिलं, चिकटपट्टी लावून फळीवर ठेवलं. बुधवारी, म्हणजे आज सकाळी बसवायला म्हणून खोका उघडला, तर लोखंडी गियर गायब.

आणि त्याच्या जागी फायबरचा गियर. कोरा. एकदाही न वापरलेला.

“मग बसवा की तोच,” युसुफभाई म्हणाले.

“चोराने ठेवलेली वस्तू माझ्या इंजिनात घालू?” कविता म्हणाली. “आत तडा असला तर? घाटात चाळीस फुटांवर दरी असते, चाचा.”

नवेद हा युसुफभाईंचा पुतण्या. सकाळपासून लोक म्हणत होते की पोराने महागाचा भाग परस्पर विकला. हे ऐकल्यावर युसुफभाईंनी उरलेल्या शेंगा खिशात टाकल्या आणि स्कूटरला किक मारली.

*

नवेदचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. कविता खोका घेऊन मागोमाग पोहोचली. जीप मधोमध उभी होती, इंजिनाचं पुढचं झाकण उघडं. युसुफभाईंना एकदम तुळशीदासच समोर शर्टाची बटणं सोडून बसल्यासारखा वाटला.

“खोका आज सकाळी कसा होता ते सांग,” ममताबाई म्हणाल्या.

नवेदने आठवून सांगितलं. मंगळवारी त्याने कविताचं नाव दिसेल असा खोका ठेवला होता. आज तो उलटा होता. नाव खाली डोकं वर पाय, ‘ही बाजू वर’ची खूण जमिनीकडे, आणि नवी चिकटपट्टी नावावरूनच आडवी गेलेली. बाकी एक पानासुद्धा हलला नव्हता.

“घाईत केलं असेल,” युसुफभाई म्हणाले.

“घाईत माणूस पट्टी वाकडी लावतो. ही अगदी सरळ आहे, चारी कडा दाबून बसवलेली.” ममताबाईंनी फायबरचा गियर हातात घेतला. तो तेलकट होता, आणि दातांच्या फटींत लालसर बारीक कण अडकले होते.

“गंज,” युसुफभाईंनी जाहीर केलं.

“फायबरला?” म्हणत ममताबाईंनी एक कण नखाने काढला आणि दाताखाली चावला.

“बाई, नाश्ता झाला नाही का तुमचा?”

ममताबाईंनी कण थुंकून टाकला. त्यांनी विचारलं, मंगळवारी गॅरेज मोकळं कधी होतं? नवेद म्हणाला, मोकळं नव्हतंच. एक ते अडीच तो जेवायला आणि नमाजाला गेला होता, पण तेव्हा कविताची सकूआत्या बाकावर बसलेली होती. साखरशेतहून डोळे दाखवायला आली होती आणि परतीच्या गाडीची वाट बघत होती. म्हातारी बसलीय म्हणून त्याने दारही ओढलं नाही. त्या वेळात दोघे येऊन गेले असं तिनेच सांगितलं: तुका भोये आणि जिवा बरफ.

“तिने पाहिलं नाही, काय केलं त्यांनी?”

“आत्याला मोतीबिंदू आहे, मावशी,” कविता म्हणाली. “दोन्ही डोळ्यांत. आवाजावरून ओळखलं तिने.”

ममताबाईंनी खोका कागदात गुंडाळायला सांगितला आणि तिघांनाही बजावलं. बाहेर बोलायचं ते एवढंच की भाग चोरीला गेला. खोक्यात काय निघालं, हे चौघांच्या पलीकडे जाता कामा नये.

*

तुका भोये स्टँडवर त्याच्या नव्या जीपमध्ये पाय वर करून पडला होता. मोखाड्याच्या रस्त्यावर आज त्याचं राज्य होतं, आणि तुळशीदासची गाडी परत आली तर ते अर्धं होणार होतं. युसुफभाईंनी त्याला मनातल्या मनात बेड्यासुद्धा घातल्या.

तुका उठून बसला. गॅरेजमध्ये गेलो होतो, तो म्हणाला, ऑइल गळतंय ते दाखवायला. नवेद नव्हता म्हणून परत आलो. चोरीचं ऐकून तो खरोखर हळहळला. “त्या गाडीवर मी क्लच शिकलो, बाई. तुळशीकाकाने माझ्या डाव्या पायावर काठी मारून शिकवला. ती भंगारात गेली तर मला दोन माणसं जास्त मिळतील, पण रस्ता सुना होईल.”

मग त्याने कंबर चोळली. “कालचा दिवसच वाईट. त्या सकूआत्याला मीच घरी सोडलं. पिशवी वर घेताना लचक भरली. म्हटलं, आत्या, डोळ्यांच्या दवाखान्यात गेलतीस का मिठागरात? तर म्हणते, मीठच घेतलंय, पावसाळ्याचं.”

युसुफभाई खो खो हसले. ममताबाई फक्त “हं” म्हणाल्या.

जिवा बरफ मोखाड्याला तहसील कचेरीच्या कोपऱ्यावर पंक्चर काढतो. तीस वर्षं तो तुळशीदासचा क्लीनर होता. स्कूटर लांबच्या वळणावर असतानाच त्याने हात हलवला होता. “तुमचा आरसा फुटलाय, युसुफभाई,” हे त्याचं पहिलं वाक्य. डोळे घारीचे.

जिवाने काही लपवलं नाही. नवेदशी भांडायलाच गेलो होतो, म्हणाला. लोखंडी गियर गातो, सारखा सूं सूं करतो. “आमची गाडी गात नव्हती. बोलायची. चढाला एक बोलायची, उताराला एक. पाड्यावरची बाई चुलीवरनं सांगायची, तुळशीदास फाट्यावर आला, भात उतरवा.” त्याने ट्यूबवर सोल्यूशन फासलं. मग म्हणाला, “आणि लोखंडी टाकायचा तर जोडी लागते. खालचा लहान गियर पण नवा पायजे. जोडी आली का?”

“एकच आला,” ममताबाई म्हणाल्या. “फायबरचा जादा गियर तुळशीदासकडे होता का कधी?”

“होता ना. वीस वर्षांमागं घाटात एकदा दात गेले तेव्हा त्याने दोन आणले. एक टाकला. दुसरा कुठं ठेवला ते मला पण नाय सांगितलं. फायबरला दमट चालत नाय. म्हणाला, जिथं कीड लागत नाय तिथं ठेवलाय.”

परतीच्या वाटेवर युसुफभाईंनी निकाल दिला. जिवाच. त्याला लोखंडी नको होता, जादा गियरची माहिती होती, आणि तो तिथे गेलाही होता. तीन गोष्टी जुळल्या.

“चौथी जुळत नाही,” मागून ममताबाई म्हणाल्या. “साखरशेतकडे वळवा. भूक लागली.”

*

सकूआत्या अंगणात बसून कोयत्याने लाकडाच्या खुंट्या तासत होती. पंचाहत्तरीची बाई, नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून नांगरही तिनेच धरला. आवाज ऐकताच तिने मान वर केली. “तिकीटवाली बाय ना तू? ये. आणि संगं खोकतोय तो पत्रेवाला.”

युसुफभाई खोकणं विसरले. त्यांनी एक खुंटी उचलली. नखाने दाबली तर खड्डा पडेल इतकं मऊ लाकूड, पांगाऱ्याचं. नांगर आणि जू जोडताना मध्ये घालायची ही खुंटी. कारागिराचा जीव कळवळला. ते म्हणाले, आत्या, दर पावसाळ्यात मोडत असतील या. मी लोखंडाच्या चार करून देतो, जन्मभर बघायला नको.

“आणि फाळ खडकात अडकला म्हणजे?” आत्या म्हणाली. “खुंटी मोडली तर मी दुसरी घालते. लोखंडाची नाय मोडणार. मग बैलाची मान मोडेल. ती कोण करून देल, तू?”

युसुफभाईंनी खुंटी जागेवर ठेवली.

ममताबाईंनी कविताचा भाग चोरीला गेल्याचं सांगितलं. आत्याने कोयता बाजूला ठेवला. वाईट झालं, म्हणाली, पण पोरीने जीव जाळू नये, जे ठेवलंय तेच बसवून टाकावं, गाडी पास झाल्याशी कारण. मग ती स्वयंपाकाला लागली. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर थापली, उडदाचं घट्ट वरण केलं, आणि शेजारच्या भागीला हाक मारून मूठभर मीठ मागून घेतलं.

घराच्या कोपऱ्यात शेणाने सारवलेली धान्याची उंच कणगी होती. युसुफभाई तिसरी भाकर खात होते तेव्हा ममताबाईंनी अंगणात जाऊन फोन केला. कविताला आणि नवेदला तुकाच्या गाडीतून बोलावलं. येताना खोका आणायला सांगितला.

*

चार वाजता सगळे अंगणात बसले. तुका गाडीला टेकून उभा राहिला, कारण कंबर.

“चोर शोधायचा म्हणून आपण निघालो,” ममताबाई म्हणाल्या, “पण चोर वस्तू नेतो, बदल्यात ठेवत नाही. इथे ठेवलेली वस्तू नेलेल्या वस्तूपेक्षा दुर्मीळ आहे. कोरा फायबरचा गियर आज बाजारात मिळत नाही. म्हणजे ज्याने हे केलं त्याला गाडी बंद पाडायची नव्हती. चालूच करायची होती, पण आपल्या पद्धतीने. तुका, तू सुटलास.”

“मी अडकलोच कधी होतो?” तुका म्हणाला. युसुफभाईंनी आकाशाकडे पाहिलं.

“नवेदला महागाचा भाग विकायचा असता, तर त्याने खोक्यात जुना झिजलेला गियर टाकला असता. तो त्याच्या पायाशीच पडला होता. कोरा कुठून आणणार? राहिला जिवा. पण खोका आठवा. पट्टी अगदी सरळ, काळजीने दाबलेली, आणि तरी नावावरून गेलेली. खोका फळीवर नीट ठेवलेला, आणि तरी उलटा. ज्याला मागची खूण लपवायची आहे आणि डोळे आहेत, तो असं करत नाही. जिवाला तर कोसावरून फुटका आरसा दिसतो. हे काम बोटांनी केलेलं आहे.”

नवेदने मान वर केली. कविताने आत्याकडे पाहिलं.

“फटींत लाल कण होते. मी चावून पाहिले, नागली होती. नागलीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं राहते. तुळशीदासने जिवाला सांगितलं ते खरंच होतं. मग तुकाची कंबर. मंगळवारी आत्याने पिशवीभर मीठ नेलं, आणि आज घरात भाकरीपुरतं मीठ नाही. पिशवीत मीठ नव्हतं, लोखंड होतं. तरीही मी गप्प राहिले असते. पण मी सांगितलं, भाग चोरीला गेला. खोका रिकामा आहे की भरलेला, ते सांगितलं नाही. आत्या म्हणाली, जे ठेवलंय तेच बसवा.”

 एक कोंबडी खुंट्यांच्या ढिगावर चढून उतरली.

आत्या उठली. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि लोखंडी गियर काढून कविताच्या पुढ्यात ठेवला. नागलीचे दाणे अंगणभर सांडले.

“चोरला नाय,” ती म्हणाली. “बदलला.”

“का, आत्या?”

“तुझा बा एकदा घाटातनं चालत आला. म्हणाला, ताय, गाडीत एक चाक हाय, तुझ्या खुंटीसारखं. आत काय अडकलं की ते आपण मोडतं, बाकीचं वाचवतं. आज मोडलं, गाडी वाचली. मग दुसरं आणून माझ्याकडं ठेवलं. म्हणाला, मी नसलो तरी हेच घालायचं.” तिने पदराने हात पुसले. “तू लोखंडाचं मागवलंस. ते मोडायचं नाय. मग काय मोडेल? गाडीत तू बसणार ना.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं. तू म्हणालीस, आत्या, तू नांगराचं बघ.”

कविता खाली बघू लागली.  आपणही तासाभरापूर्वी याच बाईला लोखंड विकत होतो, हे युसुफभाईंना आठवलं.

“नवेद,” ममताबाई म्हणाल्या, “बरोबर कोण?”

नवेद घुटमळला. मग सरळ बोलला. फायबरचा झिजतो हे खरं, पण तो शांत चालतो, आणि तेलाचा पंप वगैरे अडकला तर स्वतः सोलून निघतो, महागाचं सगळं वाचतं. लोखंडी टिकतो. फक्त त्याला जोडीचा लहान गियर नवाच लागतो. झिजलेल्यावर बसवला तर दोघं एकमेकांना खातात. “जोडी मिळत नव्हती. मी म्हटलं, चालेल. पासिंग तोंडावर होतं.” त्याने युसुफभाईंची नजर टाळली. “चालणार नव्हतं, चाचा. मला माहीत होतं.”

“आणि हा?” ममताबाईंनी फायबरच्या गियरकडे बोट केलं. “वीस वर्षांचा म्हातारा?”

नवेदने फायबरचा गियर उजेडाकडे धरला, दाताला दात नखाने वाजवून पाहिला, कडेने हलकेच वाकवला. प्रत्येक दात सारखाच वाजला. “तडा नाही. पण दर वर्षी पाऊस संपला की झाकण उघडून बघायला लागेल. विसरून चालणार नाही.”

सगळे कविताकडे बघू लागले. गाडी तिची, दरीही तिचीच.

तिने दोन्ही गियर दोन हातांत घेतले.  मग लोखंडी नवेदला दिला, परत पाठव म्हणाली, आणि फायबरचा आपल्या ओढणीत गुंडाळला. “सहापर्यंत बसेल?”

“आत्ता निघालो तर.”

*

गुरुवारी साहेबांनी जीपभोवती तीन चकरा मारल्या, हॉर्न वाजवून पाहिला, दिवे पाहिले, चासीचा नंबर खरवडून वाचला. इंजिन चालू करायला सांगितलं. ते पहिल्याच झटक्यात चालू झालं. साहेब जव्हारलाच लहानाचे मोठे झालेले. त्यांनी सही करता करता क्षणभर पेन थांबवलं, कान दिला, आणि कोणाला काही न सांगता शिक्का मारला.

मग कविताने चढ बघायला म्हणून गाडी शिरपामाळकडे घेतली. पुढे सकूआत्या, मागे ममताबाई आणि युसुफभाई. युसुफभाईंनी डोळे मिटले होते. हा आवाज ऐकत त्यांनी लग्नाची वरात नेली होती, अब्बांना दवाखान्यात नेलं होतं आणि परतही आणलं होतं. ते सगळे जण आता मागच्या बाकावर दाटीवाटीने बसल्यासारखे वाटत होते.

सपाटीला कविताने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. इंजिन जरा निवेपर्यंत ती थांबली. मग आत्याला उतरवून पुढे आणलं आणि तिचा हात धरून आत नेला.

“हा पंप. पाणी फिरवतो.”

आत्याची बोटं फिरली. “हा मोडला तर?”

“तर तापमानाचा काटा वर जातो आणि मी थांबते.”

“आणि हा पट्टा?”

“तो सुटला तर पंखा थांबतो. जादा पट्टा सीटखाली आहे.”

मागून तुकाची जीप आली, पर्यटकांनी भरलेली. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. तुकाने हॉर्नवर हात नेला, बॉनेटखाली वाकलेल्या दोघींना पाहिलं, आणि आपलंही इंजिन बंद केलं. एका पाहुण्याने विचारलं, काय झालं, बिघाड का? तो म्हणाला, नाही, जरा वेळ लागेल.

युसुफभाई कविताला आवाज द्यायला पुढे झुकले. ममताबाईंनी त्यांचा शर्ट मागून धरला.

“आता हा सांग,” आत्या म्हणाली. अजून पुष्कळ भाग बाकी होते.